साधन गेल्यानंतर काय उरते?
नव्या संगणकावरील सॉफ्टवेअर-साधनांच्या निवडीची चिकित्सा

१

नवा संगणक हाती आला म्हणजे त्यावर प्रोग्रामलेखनाची कोणती साधने बसवावीत, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ व्यवहाराचा आहे. त्याची उत्तरेही व्यवहाराच्या भाषेतच दिली जातात. कोणी सांगतो, अमुक एडिटर सर्वांत वेगवान. कोणी सांगतो, तमुक साधन सर्वत्र वापरले जाते, म्हणून तेच घ्यावे. तिसरा एखादा आपल्या सवयीस तत्त्वाचे रूप देऊन मोकळा होतो. या उत्तरांत खोटे असे फारसे काही नसते. तथापि ज्या प्रश्नाची ती उत्तरे आहेत तो प्रश्नच अपुरा आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ती सर्व साधन चालू असतानाच्या सुखाचा हिशेब मांडतात. साधन बंद पडले, त्याचा निर्माता निघून गेला किंवा संगणकच बदलला, तर आपल्या कामाचे काय होते, याचा हिशेब त्यांत नसतो. साधनाची परीक्षा त्याच्या पश्चात काय उरते यावरून व्हावयास हवी, हा या लेखाचा मुख्य मुद्दा आहे.

विद्यापीठीय संशोधनाच्या दृष्टीने हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. कोशाचे, शब्दसूचीचे किंवा संहितासंपादनाचे काम दशकांच्या मापाने मोजावे लागते. संगणकाचे आयुष्य मात्र थोड्या वर्षांचे असते. एकाच कामाच्या आयुष्यात चार-पाच यंत्रे येऊन जातात. अशा वेळी प्रत्येक नव्या यंत्रावर साधनांची निवड करणे म्हणजे वस्तुतः मागच्या यंत्रावरचे काम पुढच्या यंत्राकडे कोणत्या रूपाने सोपवावयाचे, हे ठरविणे होय.

शब्दांविषयी थोडा खुलासा प्रारंभीच केलेला बरा. प्रोग्रामचा मजकूर लिहिण्याच्या व दुरुस्त करण्याच्या साधनास येथे एडिटर म्हटले आहे. त्यास 'संपादक' म्हणण्याचा प्रघात काही ठिकाणी आढळतो. परंतु मराठीत संपादक म्हणजे मजकुराची पारख करणारी व्यक्ती, आणि हे साधन पारख करीत नाही. लिहिलेल्या प्रोग्रामचे यंत्रास कळणाऱ्या आज्ञांत रूपांतर करणारा तो कंपायलर. यांखेरीज मजकुरात शोध घेणारी लहान साधने आणि केलेल्या बदलांची क्रमवार नोंद ठेवणारी साधने यांचाही विचार पुढे येईल.

२

नव्या संगणकासाठी साधने निवडण्याचा प्रश्न त्याच्या अगदी मूळ स्वरूपात पाहावयाचा असल्यास १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन यांच्यासमोर जो प्रसंग होता तो पाहावा. त्यांना पीडीपी-७ नावाचा, फारसा वापरात नसलेला एक लहान संगणक मिळाला. त्याची स्मृती अठरा बिटांच्या आठ हजार शब्दांएवढी होती आणि त्यांच्या उपयोगी पडेल असे कोणतेही सॉफ्टवेअर त्यावर नव्हते. प्रारंभी त्यांना दुसऱ्या, मोठ्या संगणकावर प्रोग्राम तयार करून, ते कागदी फितीवर उतरवून, ती फीत पीडीपी-७ कडे न्यावी लागे. अशा स्थितीत त्यांनी स्वतःसाठी काय निर्माण केले? फायली ठेवण्याची एक व्यवस्था, फायलीची प्रत काढणारे, ती छापणारे व नाहीशी करणारे लहान प्रोग्राम, एक एडिटर, आज्ञा स्वीकारणारा एक साधा शेल, आणि शेवटी एक असेंब्लर, म्हणजे यंत्रभाषेच्या अगदी जवळच्या भाषेचे रूपांतर करणारा प्रोग्राम. हा असेंब्लर पुरा झाला तेव्हा कागदी फितीची आवश्यकता संपली. त्या यंत्रावरचे पुढचे प्रोग्राम त्याच यंत्रावर लिहिता येऊ लागले. युनिक्स या प्रणालीचा उगम तो हाच.

या साधनांची यादी किती लहान आहे, याचेच बहुधा कौतुक केले जाते. परंतु स्मृतीच जेथे तोकडी होती तेथे यादी लहान असणे हे परिस्थितीचे फळ आहे. तो गुण म्हणून मिरविण्याचे कारण नाही. त्या निवडीतील लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे. ती साधने परस्परांस पुरी पडत होती. एडिटरने असेंब्लरचा मजकूर लिहिता येई, आणि असेंब्लरने एडिटर पुन्हा घडविता येई. साधने घडविण्याचे साधन यंत्राबाहेर कोणाच्या हाती राहिले नव्हते. पुढे पीडीपी-११ हे नवे यंत्र आले, सी ही भाषा निर्माण झाली आणि १९७३ साली युनिक्सचा गाभा त्या भाषेत पुन्हा लिहिला गेला. पीडीपी-७ केव्हाच कालबाह्य झाला, परंतु त्यावर ठरलेली कामाची रीत यंत्रामागून यंत्र ओलांडीत आली.

३

या रीतीस ग्रंथरूप देण्याचे श्रेय ब्रायन कर्निहॅन व पी. जे. प्लॉगर यांच्या 'सॉफ्टवेअर टूल्स' (१९७६) या पुस्तकास द्यावे लागेल. अक्षरे मोजणे, मजकुरात नमुना शोधणे, बदलणे, क्रम लावणे, एडिट करणे, मजकुराची छपाईयोग्य मांडणी करणे अशी साधने या पुस्तकात एकामागून एक प्रत्यक्ष लिहून दाखविली आहेत. एका साधनाने एकच काम करावे, त्याचे उत्पादन दुसऱ्या साधनास कच्चा माल म्हणून घेता यावे, आणि दोहोंमध्ये साधा मजकूर असावा, ही त्यामागची भूमिका होय. प्रोग्रामांना नळीप्रमाणे एकमेकांस जोडता यावे, ही कल्पना बेल प्रयोगशाळेतील डग्लस मॅकइलरॉय यांनी १९६४ सालीच टिपून ठेवली होती. युनिक्समध्ये ती १९७२-७३ च्या सुमारास प्रत्यक्षात आली.

लेखकद्वयाने भाषेची जी निवड केली ती विशेष उद्बोधक आहे. त्यांना फोर्ट्रान भाषेचे दोष ठाऊक होते. परंतु फोर्ट्रानचा कंपायलर बहुतेक ठिकाणी उपलब्ध असे. म्हणून त्यांनी रॅटफॉर नावाची अधिक सुघड भाषा वापरली आणि तिचे फोर्ट्रानमध्ये रूपांतर करणारा प्रोग्रामही त्याच पुस्तकात दिला. वाचकाच्या हाती कोणते यंत्र असेल हे माहीत नसताना त्याच्यापर्यंत साधने पोहोचविण्याचा हा मार्ग होता. पुस्तकाची पास्कल भाषेतील आवृत्ती १९८१ साली निघाली. ती साधने पास्कलमध्ये उतरविताना आलेल्या अडचणींवर कर्निहॅन यांनी त्याच वर्षी एक स्वतंत्र टीकालेखही लिहिला. भाषा निवडताना तिच्या मर्यादाही आपण पत्करीत असतो, हे त्यावरून चांगले कळते.

या पुस्तकाचे मोल मान्य करूनही त्याच्या एका गृहीतकाकडे बोट दाखविणे आवश्यक आहे. 'साधा मजकूर' म्हणजे काय, हे तेथे स्वयंसिद्ध मानले आहे. एक अक्षर म्हणजे एक अंक. अंकांची मालिका म्हणजे ओळ. ओळींची मालिका म्हणजे फाईल. इंग्रजी मजकुरासाठी हे मानून चालता येते. देवनागरीत लिहिणाऱ्यास ते मानून चालता येत नाही. या प्रश्नाकडे आपण पुढे वळणार आहोत. तूर्त एवढेच नोंदवून ठेवू की ज्या पायावर ही सारी परंपरा उभी आहे तो पाया एका विशिष्ट लिपीच्या मापाने घातलेला आहे.

४

साधनांविषयीच्या वादांत एडिटरच्या वादाइतका दीर्घायुषी वाद क्वचितच असेल. बिल जॉय यांनी १९७६ साली लिहावयास घेतलेला व्हीआय, आणि रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेला ग्नू ईमॅक्स, यांच्या पुरस्कर्त्यांनी एकमेकांवर जेवढे लिहिले आहे तेवढ्यात एखादे शास्त्र उभे राहिले असते. हा वाद प्रामुख्याने बोटांच्या सवयींचा आहे. सवयीचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. पण आमच्या कसोटीवर पाहिल्यास दोन्ही पक्ष एकाच बाजूला उभे आहेत असे दिसते. एकात लिहिलेली फाईल दुसऱ्यात जशीच्या तशी उघडते, आणि दोन्ही नाहीसे झाले तरी ती फाईल वाचता येते.

व्हिम या एडिटरचा इतिहास येथे उपयोगी पडतो. नेदरलँड्समधील ब्रॅम मोलेनार यांच्याकडे ॲमिगा हा संगणक होता आणि त्यांच्या ओळखीचा व्हीआय त्यावर मिळत नव्हता. तेव्हा त्यांनी १९८८ साली 'स्टीव्ही' नावाची व्हीआयची एक नक्कल हाती घेऊन तिच्यात सुधारणा करण्यास आरंभ केला. १९९१ साली व्हिम लोकांपुढे आला. पुढे ॲमिगा बाजारातून गेला. २०२३ साली मोलेनार यांचे निधन झाले. व्हिमचे काम मात्र इतरांनी चालू ठेवले, आणि त्याचीच निओव्हिम ही शाखा २०१४ पासून स्वतंत्रपणे वाढत आली आहे. एका शब्दाच्या जागी दुसरा घालण्याची त्यातील आज्ञा थॉम्प्सन यांच्या जुन्या एडिटरमधून थेट चालत आलेली आहे. यंत्र गेले, निर्माता गेला, तरी साधन राहिले. कारण त्याचा मूळ मजकूर दुसऱ्याच्या हाती देता येण्याजोगा होता.

याच्या जोडीला ॲटम या एडिटरचे उदाहरण ठेवावे. गिटहब कंपनीने तो २०१४ साली लोकांपुढे आणला; त्याचे रूप आकर्षक होते आणि त्याचा बोलबालाही मोठा झाला. १५ डिसेंबर २०२२ रोजी कंपनीने त्याचे काम बंद केले. लोकप्रियता ही टिकाऊपणाची हमी नव्हे, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा शोधावयास नको. तरीही येथे हानी मर्यादित राहिली. ॲटममध्ये लिहिलेले प्रोग्राम साध्या फायलींत होते, आणि त्याचा मूळ मजकूर खुला असल्यामुळे त्यावरून 'पल्सर' हा एडिटर काही मंडळींनी पुढे चालविला. जे खरोखर वाया गेले ते त्या एडिटरच्या खास रचना आणि जोडण्या बसविण्यात वापरणाऱ्यांनी घातलेले श्रम.

५

साधनाच्या पश्चात काय उरते, या प्रश्नाची सर्वांत कठोर परीक्षा बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनांच्या बाबतीत होते; कारण त्यांचे कामच मुळी भूतकाळ जतन करण्याचे असते. लिनक्सचा गाभा घडविणाऱ्या मंडळींनी २००२ पासून या कामासाठी बिटकीपर हे साधन वापरले. ते गुणवान होते. परंतु ते एका कंपनीच्या मालकीचे होते आणि विनामूल्य प्रत अटींवर मिळत असे. त्या साधनाशी बोलू शकणारा स्वतंत्र प्रोग्राम लिहिण्याच्या एका प्रयत्नावरून वाद झाला, आणि एप्रिल २००५ मध्ये ती सवलत काढून घेण्यात आली. लिनस टॉरवाल्ड्स यांनी काही दिवसांतच गिट हे साधन लिहावयास घेतले आणि त्याच महिन्यात गाभ्याचे काम त्यावर आणले.

ही हकिकत बहुधा टॉरवाल्ड्स यांच्या कर्तबगारीची कथा म्हणून सांगितली जाते. तिची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. लिनक्सचा आरंभ १९९१ सालचा आहे; परंतु त्याच्या मुख्य गिट-भांडारातील नोंदीचा आरंभ एप्रिल २००५ पासून होतो. त्याआधीचा इतिहास तेथे आणला गेला नाही. तो नंतर इतरांनी परिश्रमपूर्वक निराळ्या भांडारांत जुळविला. जगातील अत्यंत कुशल प्रोग्रामकारांच्या समुदायानेही साधन बदलताना आपल्या जुन्या नोंदी मुख्य जागी आणल्या नाहीत. बिटकीपरचा मूळ मजकूरही पुढे २०१६ साली खुला करण्यात आला. पण तोवर बहुतेक जग गिटकडे वळले होते.

येथे कोणास दोष देण्याचा हेतू नाही. आपल्या मालाच्या अटी ठरविणे हा कंपनीचा अधिकार होता. प्रश्न निवड करणाऱ्याच्या विवेकाचा आहे. ज्या साधनात आपले काम इतरांस न वाचता येणाऱ्या रूपात साठते, ते साधन घेताना आपण त्याची किंमत नंतर चुकती करण्याच्या कबुलीवर घेत असतो. गिटच्या प्रत्येक पूर्ण प्रतीत सर्व इतिहास असतो आणि त्याची अंतर्रचना खुली आहे. त्याच्या आज्ञा नवशिक्यास दुर्बोध वाटतात हे खरे असले तरी, आमच्या मते, एवढ्या एका गुणासाठी तो दोष पत्करण्याजोगा आहे.

६

येथवरच्या विवेचनावरून कोणास असे वाटेल की प्रस्तुत लेखक जुन्या व रूक्ष साधनांचा पक्षपाती आहे. हा समज दूर करणे आवश्यक आहे. १९८३ साली बोर्लंड कंपनीने टर्बो पास्कल बाजारात आणले. एडिटर आणि कंपायलर एकाच प्रोग्राममध्ये, किंमत ४९.९५ डॉलर. लिहावे, लगेच कंपाइल करावे, चूक असेल तेथे पुन्हा लेखणी जाऊन थांबावी, अशी त्याची सोय होती. त्या काळच्या लहान संगणकांवर प्रोग्राम लिहावयास शिकणाऱ्यांस या एकात्म रचनेने जो उत्साह दिला तो लहान साधनांची नळीसारखी जोडणी करून मिळाला नसता. आणि तरीही टर्बो पास्कलमध्ये लिहिलेला प्रोग्राम हा साधा मजकूरच असे. फ्री पास्कल या खुल्या कंपायलरमध्ये टर्बो पास्कलच्या रीतीने चालण्याची मुद्दाम सोय केलेली आहे, त्यामुळे असे पुष्कळसे प्रोग्राम आजही त्यावर चालविता येतात. सोय आणि टिकाऊपणा यांत स्वभावतः वैर नाही, हे यावरून सिद्ध होते.

हीच गोष्ट २०१६ साली पुढे आलेल्या लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल या संकेताची. पूर्वी प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषेचे ज्ञान स्वतंत्रपणे शिकवावे लागे. दहा एडिटर आणि दहा भाषा म्हणजे शंभर जोडण्या. या संकेताने भाषेचे ज्ञान एका स्वतंत्र प्रोग्राममध्ये ठेवले आणि एडिटरने त्याच्याशी ठरलेल्या रीतीने बोलावे असे ठरविले. आता दहा आणि दहा मिळून वीसच भाग पुरतात. हा संकेत मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओ कोड या एडिटरच्या निमित्ताने आला, परंतु व्हिम आणि ईमॅक्स यांनाही त्याचा लाभ झाला. त्याच एडिटरच्या बाबतीत मात्र एक भेद ध्यानात ठेवावा : त्याचा मूळ मजकूर खुल्या परवान्याखाली आहे, पण मायक्रोसॉफ्ट जी तयार प्रत वाटते तिचा परवाना निराळा आहे. निवड करणाऱ्याने आपण यांपैकी नेमके काय बसवीत आहोत हे पाहिले पाहिजे.

मूळ मजकूर खुला असला म्हणजे सर्व धोके टळले, असेही मानता येत नाही. कंपायलर स्वतःच दगाबाज असू शकतो आणि त्याच्या मूळ मजकुरात त्याचा मागमूसही न राहणे शक्य आहे, हे थॉम्प्सन यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्कार-व्याख्यानात दाखवून दिले होते. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फायली संक्षिप्त करणाऱ्या साधनात चोरवाट आढळली, तेव्हा या इशाऱ्याचे एक निराळे रूप समोर आले. ती कार्यान्वित करणारा दुवा वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होता; सर्वांना दिसणाऱ्या गिट-भांडारात तो नव्हता. दूरच्या यंत्रात प्रवेश करताना अर्ध्या सेकंदाचा अनाकलनीय विलंब होतो, हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले आणि त्यांनी त्याचा छडा लावला. खुलेपणाने सुरक्षितता आपोआप येत नाही. परंतु शंका आलेल्या माणसास शेवटपर्यंत तपास करता येतो, आणि एवढीच, पण मोलाची, गोष्ट खुलेपणाने साधते.

७

आता देवनागरीचा प्रश्न. मराठी मजकुरावर काम करणाऱ्या विभागांच्या दृष्टीने वरील सर्व विवेचनाचा कस येथे लागतो. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी, म्हणजे साधारणतः १९९० च्या दशकात व त्यानंतरही काही वर्षे, मराठी मजकूर निरनिराळ्या फाँटांच्या खासगी संकेतांत टंकलिखित होत असे. फायलीत वस्तुतः रोमन अक्षरांचे अंक असत आणि फाँट त्या जागी देवनागरीचे तुकडे दाखवी. फाँट होता तोवर मजकूर मराठी होता. फाँट गेला की त्याच फायलीत निरर्थक रोमन अक्षरांची रास दिसू लागे. अशा मजकुरात शोध घेणे, शब्दांचा क्रम लावणे, सूची करणे, काहीच धड होत नसे. साधन गेल्यावर काय उरते, या प्रश्नाचे याहून स्पष्ट उत्तर दुसरे नाही. कागदावर छापलेली प्रत तेवढी उरली.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली व तीत देवनागरीचा समावेश होता. तिचा स्वीकार सर्वत्र झाल्यावर हा प्रश्न मिटला, असे मानले जाते. तो पूर्णपणे मिटलेला नाही. 'स्त्री' हा शब्द घ्या. डोळ्यांस ते एक अक्षर आहे. युनिकोडच्या हिशेबाने त्यात सहा घटक आहेत : स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार. प्रचलित यूटीएफ-८ संकेतात त्यास अठरा बाइट लागतात. तेव्हा एखादे साधन या शब्दाची लांबी एक, सहा किंवा अठरा, यांपैकी काहीही सांगू शकते. वाचकास एकत्र दिसणाऱ्या अक्षराच्या व्याख्येत जोडाक्षरे अखंड धरण्याचा नियम युनिकोडमध्ये २०२३ सालच्या १५.१ या आवृत्तीत आला. तोवर हेच अक्षर त्या हिशेबाने तीन तुकड्यांत मोडत असे.

दुसरे उदाहरण अधिक चिंताजनक आहे. पायथॉन भाषेसोबत येणाऱ्या, नमुन्यावरून मजकूर शोधणाऱ्या ग्रंथालयास 'शब्द वेचून काढ' अशी नेहमीची आज्ञा दिली तर 'मराठी' या एका शब्दाचे 'मर' आणि 'ठ' असे दोन तुकडे हाती येतात. कारण काना आणि वेलांटी यांना ते ग्रंथालय शब्दाचा भाग मानत नाही. या चुकीची कोणतीही सूचना मिळत नाही. प्रोग्राम बिनतक्रार चालतो, शब्दसूची तयार होते आणि ती पूर्णतः चुकीची असते. त्याच भाषेसाठी स्वतंत्रपणे बसविता येणारे दुसरे एक ग्रंथालय हे काम बरोबर करते. ज्यास हा भेद ठाऊक नाही त्याच्या संशोधनाचे आकडे पहिल्या पायरीवरच बिघडतात.

तिसरे उदाहरण खास मराठीचे आहे. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतील भेद मराठी वाचकास सांगावयास नको. एकीकडे विद्वान आहेत, दुसरीकडे स्वयंपाकी. दुसऱ्या शब्दातील र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो : नुक्तायुक्त ऱ वापरून, किंवा साध्या र व हलन्तानंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. परंतु युनिकोडची प्रमाणीकरणाची रीतही या दोन रूपांना एक मानत नाही. म्हणून एका रूपाचा शोध घेतल्यास दुसरे रूप सापडत नाही. 'ॲ' या अक्षराचीही तीच स्थिती आहे : त्यास स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले, आणि 'अ'वर अर्धचंद्र देऊन लिहिलेले जुने रूप त्याहून भिन्न समजले जाते. दोन व्यक्तींनी दोन कळफलकांवर टंकलिखित केलेला एकच ग्रंथ अशा रीतीने यंत्राच्या दृष्टीने दोन ग्रंथ होतो.

या उदाहरणांवरून जुन्या साधनांच्या भक्तांसही काही विचार करावा लागेल. टर्मिनलमध्ये प्रत्येक चिन्हास ठरीव रुंदीची चौकट मिळते. देवनागरीची जोडाक्षरे त्या चौकटींत नीट बसत नाहीत आणि लेखणी नेमकी कोठे आहे हे कळेनासे होते. इंग्रजी प्रोग्रामकारास टर्मिनलमधील एडिटर पुरेसा वाटला म्हणून मराठी संशोधकासही तो पुरेसा व्हावा, असे नाही. येथे चित्रमय पडद्यावर चालणारा नवा एडिटर पत्करणे हेच विवेकाचे आहे. आमची कसोटी जुन्याच्या बाजूने किंवा नव्याच्या बाजूने आधीच झुकलेली नाही, हे यावरून दिसून येईल.

८

या विवेचनातून काही व्यावहारिक निष्कर्ष निघतात. नव्या संगणकावर प्रथम अशी साधने बसवावीत की ज्यांचे उत्पादन त्या साधनांवाचून वाचता येईल : यूटीएफ-८ मजकूर जसाच्या तसा उघडणारा व जतन करणारा एडिटर, ज्याचा मूळ मजकूर उपलब्ध आहे असा कंपायलर, उदाहरणार्थ १९८७ पासून चालत आलेला जीसीसी, बदलांची नोंद ठेवण्यासाठी गिट, आणि त्याच्या भांडाराची एक प्रत दुसऱ्या यंत्रावर. कोणती साधने कोणत्या आवृत्तीची व कशी बसविली, हेही एका साध्या मजकुराच्या फायलीत लिहून त्याच भांडारात ठेवावे. पुढचे यंत्र येईल तेव्हा ते लावणारी व्यक्ती कदाचित निराळी असेल. सोयीची साधने त्यानंतर, हवी तेवढी घ्यावीत. विद्यार्थ्यास प्रारंभी एकात्म रचना द्यावयास हरकत नाही. तथापि त्याचे लेखन कोणत्या फायलीत व कोणत्या रूपात साठते, हे त्यास पहिल्याच आठवड्यात दाखवावे.

याखेरीज प्रत्येक मराठी विभागाने स्वतःची एक लहान परीक्षा-फाईल तयार ठेवणे अगत्याचे आहे. तीत 'स्त्री', 'मराठी', दोन्ही रीतींनी लिहिलेला 'आचाऱ्यांना', दोन्ही रूपांतील 'ॲ' असे पन्नास-शंभर शब्द असावेत. कोणतेही नवे साधन घेण्यापूर्वी ही फाईल त्यात उघडावी, शोध घ्यावा, शब्द मोजावेत, क्रम लावावा, जतन करावी आणि मग ती दुसऱ्याच साधनात उघडून मूळ फाईलशी ताडून पाहावी. या कामास एक तास पुरतो. त्या तासात जे कळेल ते विक्रेत्याच्या पत्रकात किंवा कोणत्याही तुलनात्मक कोष्टकात सापडणार नाही.

एक आक्षेप तरीही शिल्लक राहतो. एवढी सावधगिरी बाळगूनही यूटीएफ-८, गिट किंवा आज आपण खुले म्हणतो ते परवाने आणखी पन्नास वर्षांनी टिकतीलच, याची हमी कोण देणार? अशी हमी कोणीच देऊ शकत नाही. खासगी संकेतांतील फाँट वापरणाऱ्यांनीही त्या काळी उपलब्ध असलेल्यांपैकी चांगलेच साधन निवडले होते. फरक इतकाच, की ज्या संकेताची व्याख्या प्रसिद्ध आहे आणि ज्या साधनाचा मूळ मजकूर हाती आहे, तेथे पुढच्या पिढीतील एखाद्या जिज्ञासूस आपले लेखन पुन्हा उलगडता येण्याची शक्यता राहते. त्या व्यक्तीस आपण ओळखत नाही. पण साधने निवडताना तिची अडचण डोळ्यांसमोर ठेवणे हे आपले काम आहे.